अल्प वजन आणि दीर्घ औषध

२०२५ च्या मार्च महिन्यात ‘मौंजारो’ आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘वेगोव्ही’ ही वजन उतरवणारी इंजेक्शने रीतसर मंजुरीने भारताच्या बाजारात दाखल झाली, आणि ज्या औषधांची वार्ता तोवर परदेशस्थ नातलगांच्या तोंडून ऐकू येत होती ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आपल्या शहरांतल्या औषधांच्या दुकानांत मिळू लागली. ज्यांचे वजन शंभर किलोंच्या पलीकडे गेले आहे, ज्यांचे गुडघे झिजले आहेत, झोपेत ज्यांचा श्वास अडकतो आणि आजवरचा प्रत्येक उपाय ज्यांच्या बाबतीत फसला आहे, अशा रोग्यांसाठी या औषधांनी खरोखर नवा काळ आणला, याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रस्तुत लेखाचा विषय निराळा आहे. ज्याला पाच-सहा किलोच कमी करायचे आहेत, ज्याची प्रकृती एरवी धडधाकट आहे, परंतु जुने कपडे अंगाला तंग होऊ लागले आहेत किंवा घरात एखादे कार्य ठरले आहे, अशा मनुष्याने दर आठवड्याला ही सुई टोचून घ्यावी काय, हा तो प्रश्न. माझे उत्तर असे की अशांपैकी बहुतेकांनी ती घेऊ नये. आणि ज्या थोड्यांनी घ्यावी, त्यांनीही ती किलोंच्या हिशेबासाठी घेऊ नये.

या औषधांची घडण समजल्यावाचून हा निवाडा करता येत नाही. अन्न पोटात गेले म्हणजे आतड्यातील काही पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्याची सूचना देते, जठर रिते होण्याची गती मंदावते आणि मेंदूला तृप्तीचा निरोप पोचवते. निसर्गाने या निरोप्याला अवघ्या दोनेक मिनिटांचे आयुष्य दिले आहे. गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषात त्याच गुणाचे पण टिकाऊ द्रव्य असल्याचे जॉन एंग या अमेरिकन संशोधकाने १९९२ साली दाखवले, त्यावरून २००५ मध्ये या कुळातील पहिले औषध मधुमेहासाठी मंजूर झाले, आणि पुढे मानवी संप्रेरकातच फेरफार करून सेमाग्लुटाइड घडवण्यात आले, ज्याचा निम्मा अंश शरीराबाहेर जाण्यास सुमारे एक आठवडा लागतो. वेगोव्हीतील द्रव्य ते हेच. मौंजारोतील टिर्झेपेटाइड याखेरीज आणखी एका संप्रेरकाचेही काम करते. यातून ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट निघते ती अशी, की हे औषध शरीरातला एखादा बिघाड दुरुस्त करून निघून जात नाही. ते रक्तात आहे तोवर भूक दबलेली राहते, आणि ते ओसरले की भुकेचा अंमल पूर्ववत सुरू होतो.

आता पुराव्याकडे वळू. सेमाग्लुटाइडला वजनासाठी अमेरिकेत जून २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, ती ज्या चाचण्यांच्या बळावर, त्यांतील प्रमुख चाचणीत १,९६१ माणसे होती; ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरीने १४.९ टक्के उतरले, तर आहार-व्यायामाच्या त्याच सल्ल्याबरोबर औषधविरहित सुई घेणाऱ्यांचे २.४ टक्के. टिर्झेपेटाइडच्या २,५३९ जणांच्या चाचणीत सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के घट झाली. हे आकडे वाचून ६८ किलो वजनाची व्यक्ती मनात त्रैराशिक मांडते, आणि जिथे दहा किलो जाऊ शकतात तिथे पाच विनासायास जातील, असा निष्कर्ष काढते. त्रैराशिकाची रीत बरोबर आहे. ज्या माणसांवरून ते मांडले ती माणसे मात्र निराळी होती. पहिल्या चाचणीतील लोकांचे सरासरी वजन १०५ किलोंच्या घरात होते आणि वजन-उंचीचा निर्देशांक, ज्याला दवाखान्यात बीएमआय म्हणतात, सरासरीने ३७.९ होता. प्रवेशाची अटच अशी होती की हा आकडा किमान ३० असावा, अथवा वजनाशी निगडित एखादा विकार जडलेला असल्यास किमान २७. आणि भारतातील मंजुरीतही हीच मर्यादा कायम आहे. १६० सेंटीमीटर उंचीच्या ६८ किलोंच्या व्यक्तीचा बीएमआय २६.६ भरतो. तिच्यासारख्यांना त्या चाचण्यांत प्रवेशच नव्हता, आणि म्हणून तिच्या बाबतीत नफा-नुकसानीचा ताळा कसा जुळेल हे त्या चाचण्यांच्या दाखल्याने सिद्ध होत नाही.

याहून अधिक महत्त्वाचा मुद्दा लाभ आणि अपाय यांच्या विषम प्रमाणाचा आहे. औषधाचा लाभ रोग्याच्या मूळ धोक्याच्या प्रमाणात असतो, अपाय मात्र त्या प्रमाणात घटत नाही, हा वैद्यकातील नियम सांगायला सोपा आणि मोहाच्या क्षणी आठवायला कठीण आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विशाल चाचणीत, ज्यांना आधीच हृदयविकार किंवा पक्षाघातासारखा आजार होऊन गेला होता, ज्यांचे वय ४५ वा त्याहून अधिक आणि बीएमआय २७ वा त्याहून अधिक होता, परंतु ज्यांना मधुमेह नव्हता, अशा १७,६०४ लोकांना सेमाग्लुटाइड अथवा निष्क्रिय सुई देऊन सव्वातीन वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. निष्क्रिय सुई घेणाऱ्यांपैकी ८ टक्क्यांवर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तत्संबंधी मृत्यू यांपैकी काही ओढवले. औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ६.५ टक्के राहिले. धोका एक-पंचमांशाने कमी झाला, आणि ज्याच्या छातीत एकदा कळ येऊन गेली आहे त्याच्या दृष्टीने हा लाभ अमोल आहे. पण त्याच चाचणीत त्रासामुळे औषध कायमचे सोडून देणारे औषधाच्या गटात १६.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ८.२ टक्के होते. आता पस्तिशीतील निरोगी मनुष्याचा विचार करावा. त्याच्या हृदयविकाराचा नजीकचा धोका मुळातच इतका अल्प की त्याचा पाचवा हिस्सा कमी होणे हिशेबात दिसणारही नाही. मळमळ, ओकारी, जुलाब आणि बद्धकोष्ठ हे त्रास मात्र त्याला कोणतीही सूट देत नाहीत, पित्ताशयात खडे होण्याची आणि क्वचित स्वादुपिंडाला दाह होण्याची शक्यता त्याच्याही वाट्याला येते, आणि युरोपीय औषध-नियामकाने जून २०२५ मध्ये जो अतिविरळ, दहा हजारांत एकापर्यंत आढळू शकणारा नेत्रदोष सेमाग्लुटाइडच्या दुष्परिणामांत नोंदवला, ज्यात डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटून दृष्टी जाऊ शकते, तोही किती किलो उतरवायचे आहेत हे विचारून येत नाही.

यापुढचा प्रश्न मुदतीचा. पाच किलो उतरवण्याचा बेत करणारा मनुष्य मनात एक अवधी धरून चालतो: चार-सहा महिने सुई घ्यावी, वजन उतरवावे आणि मोकळे व्हावे. औषधाच्या घडणीत अशा मोकळिकीची तजवीज नाही. उपर्युक्त १,९६१ जणांच्या चाचणीतील काहींचे औषध थांबवल्यावर पुढील वर्षभर निरीक्षण करण्यात आले, तेव्हा उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आलेला आढळला. टिर्झेपेटाइडच्या आणखी एका चाचणीतही ज्यांना मध्येच निष्क्रिय सुईवर नेले त्यांचे वजन पुन्हा चढले. या औषधाने मिळवलेले सडसडीत शरीर हे भाड्याच्या जागेसारखे आहे. भाडे चालू असेतोवरच ताबा. जिथे आजार चिरकालिक आहे तिथे औषधही चिरकाल घ्यावे लागणे यात गैर काहीच नाही. रक्तदाबाची गोळी आपण जन्मभर घेतोच. परंतु ज्याचे उद्दिष्ट अल्प आणि मुदतबंद आहे त्याने बेमुदत औषधाशी करार करावा, यात साध्य आणि साधन यांचा मेळ उरत नाही. पुनश्च, जाणाऱ्या वजनात केवळ चरबी नसते. त्या पहिल्या चाचणीतील काहींच्या शरीराची क्ष-किरणांनी मोजणी केली असता, घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-पंचमांश भाग चरबीखेरीजच्या देहद्रव्याचा, म्हणजे स्नायूही ज्यात येतात त्याचा, होता. भूक मेल्यावर आपल्या घरात पहिल्याने काय सुटते ते पाहावे: उसळ, डाळ, दही, अंडी बाजूला राहतात आणि चहाबरोबर दोन बिस्किटांवर दुपार निघते. ज्याच्यापाशी स्नायूंचा साठा मुळात तुटपुंजा आहे त्याने तो खर्च करावा आणि औषध थांबल्यावर त्या जागी मेद भरावा, हा व्यवहार तोट्याचा आहे.

लहान मात्रेवरच थांबू, असा तोडगा काहीजण सुचवतात. सेमाग्लुटाइडची सुरुवात आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने करून दर चार आठवड्यांनी मात्रा चढवीत सोळा आठवड्यांनंतर २.४ मिलिग्रॅमपर्यंत नेण्याची जी रीत आहे, तिच्यातील आरंभीच्या मात्रा पोटाला सवय व्हावी एवढ्यापुरत्या ठरवलेल्या आहेत. सडपातळ माणसांनी त्यांवरच रेंगाळल्याने काय साधते याला मोठ्या चाचण्यांचा आधार नाही, आणि आधार नसलेला उपाय सौम्य असतो असे मानण्याचे कारण नाही.

इथवरचे विवेचन वाचून एखादा जाणकार वाचक हरकत घेईल, आणि ती हरकत भक्कम आहे. बीएमआयच्या ज्या मर्यादांवर मी भिस्त ठेवली त्या प्रामुख्याने पाश्चात्त्य देहांवरून आखलेल्या आहेत. आपल्या लोकांना त्या कितपत लागू पडतात? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे फार मोठे श्रेय पुण्याकडे जाते. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या अपत्यांचा जो दीर्घ अभ्यास चालवला त्यात असे दिसले की आपली नवजात बालके इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांहून पाऊण किलोच्या आसपास हलकी असली तरी त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने राखलेला असतो. उणीव येते ती स्नायूंत आणि अवयवांत. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचेच दाखले मांडले: दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून मेदस्वी, हा आपल्या देहाचा स्वभाव. म्हणूनच भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये बीएमआयची मर्यादा खाली आणून २३ च्या पुढे अधिक वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानावा, आणि पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरहून अधिक कंबर धोक्याची समजावी, असे ठरवले.

ही हरकत मी पूर्णतः मान्य करतो, आणि तिच्यामुळे माझा पक्ष दुबळा होण्याऐवजी त्याला आवश्यक ती दिशा मिळते, असे माझे मत आहे. कारण तिच्यातून निघते ते एवढेच, की वजनाचा काटा आपल्या लोकांच्या बाबतीत फार अपुरा साक्षीदार आहे. पाच किलो जास्त असलेला एक मनुष्य खरोखर निरोगी असेल आणि तितकेच जास्त असलेला दुसरा मधुमेहाच्या उंबरठ्यावर असेल; काटा दोघांविषयी एकच साक्ष देईल. मग त्या उंबरठ्यावरच्या माणसाला तरी काय हवे? अमेरिकेतील ३,२३४ जणांच्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या प्रयोगात सात टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम एवढेच उद्दिष्ट ठेवले होते, आणि त्याने मधुमेह जडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीने ३१ टक्क्यांनी. ६८ किलोंचे सात टक्के म्हणजे पावणेपाच किलो, हे या ठिकाणी मुद्दाम नमूद करतो. त्याहूनही मला उद्बोधक वाटतो तो चेन्नईचा प्रयोग, ज्याचे निष्कर्ष डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडले. ५३१ भारतीयांच्या त्या प्रयोगात आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह जडण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी उतरला, आणि तोही वजनात म्हणण्यासारखी घट झाली नसताना. काटा हलला नाही आणि तरीही रोग मागे हटला! ज्याला किलोंचे वेड लागले आहे त्याने या निष्कर्षापाशी पुष्कळ वेळ थांबावे. चालण्याने, स्नायूंना काम दिल्याने, ताटातला भात कमी करून डाळ-उसळ वाढवल्याने शरीरात जे घडते त्यातले बरेचसे काट्याला दिसतच नाही.

दुसरी एक हरकत नैतिक स्वरूपाची आहे, आणि तिच्याकडे मी आस्थेने पाहतो. कष्टानेच वजन उतरवावे हा आग्रह कशासाठी, औषधाने सुख मिळत असेल तर ते नाकारणारे तुम्ही कोण, असे कुणी विचारील. लठ्ठ माणसाला आळशी, खादाड, निश्चयहीन म्हणून हिणवण्याची जी वाईट सवय आपल्या समाजात मुरलेली आहे तिच्या बाजूने मला एक शब्दही बोलायचा नाही. मेदपेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक स्रवून मेंदूला साठ्याची वर्दी देतात हे १९९४ साली उघड झाले, आणि तेव्हापासून भूक ही चारित्र्याची परीक्षा असल्याचा समज टिकू नये इतके ज्ञान जमा झाले आहे. ज्याला लठ्ठपणाचा आजार आहे त्याने सुई घेतली तर त्यात कमीपणा कसला? परंतु हाच आदर मनात ठेवून पाहिले तर लक्षात येते की थोड्या वजनासाठी सुई मागणाऱ्यांपैकी अनेकांना भुकेचा आजार नसतो. त्यांना छळणारी वस्तू शरीराबाहेर असते. वधूपरीक्षेच्या बैठकीत मुलीच्या अंगलटीवर उघडपणे शेरा मारणारी मावशी, साखरपुड्याच्या छायाचित्रांची चिंता, कार्यालयातील सहकाऱ्यांची नजर: यांतील एकाचेही शमन जठराची गती मंद करून होणार नाही. ज्या मुलीच्या मनात अन्नाविषयीची धास्ती आधीच घर करून बसली आहे तिच्या हाती भूक मारणारे औषध देणे हे तर मला निश्चितपणे धोक्याचे वाटते.

लग्नाचा उल्लेख आलाच आहे तर एक व्यावहारिक बाब सांगितल्यावाचून पुढे जाणे बरोबर होणार नाही, कारण ती घरोघरी ठाऊक असावयास हवी. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. आणि टिर्झेपेटाइडमुळे संततिनियमनाच्या गोळीचा परिणाम उणावू शकत असल्याने, औषध सुरू केल्यावर आणि प्रत्येक मात्रावाढीनंतर चार आठवडे दुसरे साधन वापरण्याची सूचना त्याच्या माहितीपत्रकात आहे. लग्नाआधीच्या चार महिन्यांसाठी घेतलेली सुई लग्नानंतरच्या चार महिन्यांत कशी अडचण करू शकते, हे यावरून उमजावे. ज्यांच्या कुटुंबात थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा विशिष्ट कर्करोग होऊन गेला आहे त्यांना तर ही औषधे वर्ज्यच आहेत.

खर्चाचा प्रश्न मी दुय्यम मानतो, कारण तो बदलणारा आहे. मौंजारो भारतात आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती, म्हणजे महिन्याला चार कुप्यांचे चौदा ते साडेसतरा हजार. मध्यमवर्गीय कुटुंबात एवढी रक्कम हाच एक लगाम होता. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. ती सरली की देशी कंपन्यांच्या स्वस्त आवृत्त्यांना वाट मोकळी होते आणि तो लगाम सैल पडतो. गरजू रोग्यांच्या दृष्टीने ही मोठी इष्टापत्ती आहे. पण स्वस्त झालेले औषध सौंदर्यप्रसाधनाच्या दालनांतून आणि व्यायामशाळांच्या ओळखीतून चिठ्ठीवाचून हातोहात फिरू लागले, तर वजन उतरवणाऱ्या औषधांचा पूर्वेतिहास आठवावा लागेल. फेनफ्लुरामीन १९९७ मध्ये हृदयाच्या झडपांवरील परिणामांमुळे मागे घ्यावे लागले, रिमोनाबंट युरोपात २००६ मध्ये मंजूर होऊन मनोविकारांच्या धोक्यामुळे २००८ मध्ये स्थगित झाले, आणि सिब्युट्रामीनचा अनेक देशांतील बाजार २०१० मध्ये संपला. प्रस्तुत औषधांमागे या तिन्हींपेक्षा कितीतरी अधिक पुरावा उभा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र तो पुरावा ज्यांच्या शरीरांवर गोळा झाला त्यांच्या पलीकडच्यांना त्याची हमी परस्पर लागू करता येत नाही.

समजा, १६० सेंटीमीटर या एकाच उंचीच्या, ६८ किलोंच्याच दोन स्त्रिया एका डॉक्टरांपुढे बसल्या आहेत आणि दोघींनाही पाच किलो कमी करायचे आहेत. पहिली तिशीतली, कंबर ७८ सेंटीमीटर, साखर, रक्तदाब, यकृत सारे व्यवस्थित, घरात मधुमेह नाही. डॉक्टरांनी तिला सुई नाकारावी, आणि नाकारताना उपदेशाऐवजी निश्चित योजना हाती द्यावी: प्रत्येक जेवणात प्रथिनांचा वाटा, आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलण्याचा किंवा तत्सम स्नायूंचा व्यायाम, रोजचे चालणे, पुरेशी झोप, आणि महिन्याला किलोभर याहून घाईची अपेक्षा नाही. दुसरी बावन्न वर्षांची. कंबर ९४, तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.३, यकृतात मेद, आई आणि भाऊ दोघेही मधुमेही, आणि वर्षभर मनापासून पाळलेल्या आहार-व्यायामानंतरही अहवाल जागचे हललेले नाहीत. तिचा बीएमआय मंजुरीच्या रेषेच्या किंचित खाली आहे, आणि तरीही मेटफॉर्मिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधाचा विचार आधी करून, पित्ताशयाची व थायरॉइडची माहिती घेऊन, रेषेबाहेर औषध देत असल्याची स्पष्ट कल्पना तिला देऊन एखाद्या विवेकी डॉक्टरांनी तिला ही सुई दिली तर मी त्यांना दोष देणार नाही. मात्र तिच्या कागदावर उद्दिष्ट म्हणून पाच किलो लिहिलेले नसावेत. तिथे साखरेचा आकडा, कमरेचे माप आणि यकृताची तपासणी लिहावी. मात्रा पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांनी हे आकडे हलले नसतील तर औषध बंद करायचे, आणि हलले तर ते पुढे किती वर्षे व कुणाच्या खर्चाने चालणार, हे पहिली सुई टोचण्याआधी, तिच्या घरच्यांच्या समक्ष, ठरवून घ्यावे.